शेजारणीची साक्ष

वच्छलाबाईंनी समोरच्या प्रमोदिनीबाईंवर डूख धरला होता आणि तो त्यांनी कधी लपवून ठेवला नाही. लपवायचं काय त्यात? अमरावतीच्या त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं, की सिस्टर आणि वकीलीणबाई समोरासमोर राहतात, फाटकापाशी दोन शब्द बोलतात, पण एकीच्या घरचा चहा दुसरीच्या घशाखाली उतरत नाही. कुणी शहाजोगपणे मध्ये पडून झालं गेलं विसरा म्हणालंच, तर वच्छलाबाई विचारायच्या, “माफी कोनं मांगतली माह्याजवळ? मांगतलीच नाई, त देऊ कोनाले?” समजूत घालायला आलेला मग चहा पिऊन निघून जायचा.

झालं होतं ते असं. वच्छलाबाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. नवरा लवकर गेला. माहेर बार्शीटाकळीचं, बदली कधी धारणीला तर कधी सेमाडोहच्या जंगलात, अशा ओढाताणीत त्यांनी एकुलत्या एका ललितला इंजिनिअर केलं. पोरगं हुशार निघालं. परदेशी शिक्षणाच्या सरकारी शिष्यवृत्तीच्या यादीत त्याचं नाव लागलं, कॅनडाच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, फक्त पासपोर्ट यायचा राहिला. पासपोर्टाच्या चौकशीला पोलीस घरी येतो. पोरगा इथंच राहतो का, वागायला कसा आहे, हे दोन शेजाऱ्यांना विचारतो, त्यांच्या आधारकार्डाची झेरॉक्स आणि सही घेतो आणि जातो. त्या दिवशी वच्छलाबाई ड्यूटीवर होत्या. पोलिसानं समोरचं दार वाजवलं, कारण वकिलाचं घर म्हणजे प्रतिष्ठित घर.

प्रमोदिनीबाईंनी त्याला पंख्याखाली बसवलं, सरबत दिलं आणि सांगितलं, की मुलगा तसा बरा आहे हो, पण मध्ये त्याला पोलिसांनी उचलून नेलं होतं, आम्ही कोर्टकचेरीतली माणसं, सही देऊन अडकायला नको. खोटं नव्हतंच ते. शिष्यवृत्तीचे पैसे येईनात म्हणून पोरांनी मोर्चा काढला होता, पोलिसांनी सगळ्यांना गाडीत घालून मैदानावर नेलं होतं आणि संध्याकाळी चहा पाजून सोडून दिलं होतं. ना गुन्हा, ना नोंद. पण हे पुढचं अर्धं प्रमोदिनीबाईंनी गिळलं. अहवाल उलटा गेला, फेरचौकशी लागली, आणि पासपोर्ट हातात आला तेव्हा तिकडे वर्ग सुरू होऊन गेले होते. पुढच्या यादीत ललितचं नाव लागलं नाही.

आपल्या लेकाच्या, सोहमच्या आधी सिस्टरचं पोरगं विमानात बसतंय, हे त्या बाईला सहन झालं नाही. आणखीही एक कारण होतं, जातीचं. ते वच्छलाबाईंना लहानपणापासून ठाऊक होतं, कुणी सांगायची गरज नव्हती. पुढच्याच वर्षी सोहम वडिलांच्या पैशानं कॅनडाला गेला आणि ललित अकोल्याच्या एका खाजगी कॉलेजात तासिकेवर शिकवायला लागला.

सोहम गेला तो तिकडेच अडकला. आधी एमएस, मग तिथं राहता यावं म्हणून आणखी एक डिप्लोमा, मग नोकरीचं परमिट, मग त्या परमिटची मुदतवाढ. प्रमोदिनीबाई गल्लीत ताठ मानेनं सांगायच्या, की सोहम आता पर्मनंट होणार. ऐकणाऱ्यांची लग्नं होऊन पोरं शाळेत जायला लागली, सोहम आपला पर्मनंट होतोच आहे. प्रमोदिनीबाईंचे यजमान वकील कमलाकांत गेले तेव्हाही तो येऊ शकला नाही. मुदतवाढीचा अर्ज अजून अडकलेला होता, बाहेर पडला तर परत आत घेतील याची खात्री नव्हती. बापाचं सरण त्यानं चुलतभावानं धरलेल्या मोबाइलवर पाहिलं. त्या दिवशी वच्छलाबाई आपल्या फाटकात उभ्या होत्या. बरं वाटलं का? थोडं वाटलं. पण ते दैवानं केलेलं होतं, त्यांच्या हातचं त्यात काही नव्हतं, म्हणून पोट भरलं नाही.

यंदा उन्हाळ्यात अखेर सोहमला कायम राहण्याच्या अर्जाचं बोलावणं आलं. सगळे कागद ठरल्या तारखेच्या आत पोचायला हवेत, नाहीतर सगळं बाद, आणि परमिटही संपत आलेलं. एकच कागद राहिला होता, भारतातल्या पोलिसांचा दाखला. तिकडून त्याची चौकशी घरच्या पत्त्यावर अमरावतीला आली, आणि एका दुपारी जमादार जानराव गल्लीत स्कूटर लावून घाम पुसत वच्छलाबाईंच्या फाटकाशी उभे राहिले.

जानरावांना दोन शेजारी हवे होते, तेही मुलाला लहानपणापासून ओळखणारे. प्रमोदिनीबाईंच्या डावीकडचं घर पुण्याला गेलेल्यांचं, कुलूप लावलेलं. उजवीकडे नवे भाडेकरू, त्यांनी सोहमचं तोंडही पाहिलेलं नाही. राहिले कोपऱ्यावरचे शेषराव मास्तर आणि सिस्टर. मास्तर लेकीकडे शेंदूरजनाघाटला गेले होते, सोमवारी परतणार होते. मास्तरांचं काही नाही, ते दाखवाल तिथं सही करतात. म्हणजे सोहमचं कॅनडा वच्छलाबाईंच्या जिभेवर येऊन बसलं होतं. जानराव म्हणाले, की सोमवारी एकदमच दोघांचं लिहून घेतो, आधारची झेरॉक्स तेवढी काढून ठेवा.

वच्छलाबाईंनी झेरॉक्स त्याच संध्याकाळी काढून आणली. आणि सांगायला त्यांच्याजवळ नुसता राग नव्हता, मुद्दाही होता. कॉलेजात असताना सोहमनं दारू पिऊन गाडी चालवली होती आणि संत्र्याची हातगाडी ढकलणाऱ्या एका माणसाला उडवलं होतं. त्याचा हात मोडला. तो माणूस ज्या वॉर्डात आला, तिथं वच्छलाबाईच होत्या. वकीलसाहेबांनी तडजोड करून प्रकरण नोंद व्हायच्या आधीच मिटवलं. हे जानरावांना सांगितलं, की फेरचौकशी ठरलेली, आणि फेरचौकशी लागली की तारीख गेली. अगदी ललितसारखं. असं मापात माप बसणारं काही आयुष्यात पुन्हा मिळणार नाही, असं त्यांना वाटलं आणि त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

शनिवारी त्या एसटीनं अकोल्याला गेल्या. ललित स्टँडवर घ्यायला आला होता. त्याची बायको गीतांजली आणि छोटी नात घरी वाट पाहत होत्या. वच्छलाबाईंना कधीपासून कायमचं अकोल्याला आणायचं चाललं होतं, त्यांच्यासाठी मागची खोली रंगवूनही ठेवली होती. जेवणं झाल्यावर त्यांनी ललितला सगळं सांगितलं. त्यांना वाटलं होतं, त्याचा चेहरा उजळेल. पण तसं झालं नाही.

“मी विसरलो नाई, आई,” तो म्हणाला. “पण माह्या नावानं करू नको. तुले करायचं असन त तुह्या नावानं कर.”

“माह्याच नावानं करून राहिली,” वच्छलाबाई म्हणाल्या. “तू कॅनडात जाऊन काय झाला असता, ते मले मालूम नाई. पण त्या सरबताच्या गिलासानं माह्या डोक्यात जे घर केलं, ते माहं हाय.”

 त्यानं एवढंच विचारलं, की हे एकदा झालं की येशील ना इकडे राहायला? वच्छलाबाईंनी हो म्हटलं आणि मनापासून म्हटलं. नातीला जवळ घेऊन त्यांनी खोलीत कपाट कुठं ठेवायचं तेही सांगितलं. एवढं एक काम उरकलं, की अमरावतीत त्यांचं काहीच राहत नव्हतं.

रविवारी दुपारी त्या परतल्या. कूलरमध्ये पाणी भरतात न भरतात तोच दार वाजलं. दारात प्रमोदिनीबाई उभ्या होत्या, डोक्यावर पदर, भर उन्हात गल्ली ओलांडून आलेल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती बाई या घराच्या आत पाऊल टाकत होती. वच्छलाबाईंना मनातून उकळ्या फुटल्या. आता ही हात जोडणार, सोहमसाठी गयावया करणार, मग आपण काय काय बोलायचं, हे सगळं त्यांच्याजवळ वर्षानुवर्षं घोटून तयार होतं. त्यांनी पाणी दिलं आणि समोर बसल्या.

प्रमोदिनीबाई म्हणाल्या, “उद्या जानराव येतील. तुम्ही वाईटच सांगणार, हे मला माहीत आहे.”

“जे हाय ते सांगीन.”

“सांगा. तेच मागायला आले आहे.”

वच्छलाबाईंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण चूक नव्हती. प्रमोदिनीबाई बोलायला लागल्या त्या थांबेनात. गुडघे गेले होते, जिना चढवत नव्हता. दिवसभर घरात तोंड उघडायचं निमित्त नसायचं, दूधवाल्याशी काय ते दोन शब्द. सोहमचा फोन रविवारी यायचा, कधी तोही चुकायचा. गल्लीत ताठ मानेनं पर्मनंट पर्मनंट म्हणत फिरणारी बाई घरात देवाला रोज सांगत होती, की नको होऊ देऊस. एकदा तो तिथला झाला, की संपलं, मग आपल्याला कुणी पाणी पाजायलाही नाही. कागद वेळेत पोचला नाही, की परमिट संपेल आणि त्याला घरी यावंच लागेल.

“त्या हातगाडीवाल्याचं सांगा,” त्या म्हणाल्या. “तुम्ही तिथंच होतात. खरंच आहे ते, खोटं काही सांगायचं नाही.”

वच्छलाबाईंनी विचारलं, की मग तुम्हीच काहून नाही सांगत जमादाराला?

“मी आई आहे. माझ्या तोंडून गेलं हे त्याला कळलं, तर तो जन्मात माझं तोंड बघणार नाही. तुमचं तसं नाही. तुमच्याकडे कारण आहे, तो समजून घेईल.” मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, “ललितच्या बाबतीत मी चुकले. तेवढं पोटात घाला.”

इतक्या वर्षांची माफी अशी आली, कामाला जुंपलेली. वच्छलाबाईंच्या अंगाची लाहीलाही झाली. या बाईचा पोरगा कॅनडाला जायचा, तेव्हा माझ्या पोराचा बळी. या बाईचा पोरगा परत यायचा, तर माझ्याच जिभेवर पाप. हिच्या घरचं सुख असो की दुःख, राबायचं मात्र समोरच्या घरानं. आणि वर सांगते, तुमच्याकडे कारण आहे. पण त्या उद्या पाहू, एवढंच म्हणाल्या आणि प्रमोदिनीबाईंना हात धरून पायरी उतरवून दिली.

दार लावल्यावर त्या बराच वेळ नुसत्या फेऱ्या मारत राहिल्या. हाताशी आलेली शिकार कुणी पळवावी, तसं झालं होतं. हातगाडीवाल्याचं सांगावं, तर सोहम घरी येतो आणि वकीलीणबाईंचा संसार पुन्हा भरतो. लेक, मग सून, मग अंगणात नातवंडं, आणि आपण समोरून पाहायचं. म्हणजे सूड घ्यायला जावं आणि ओटी भरून यावं. पोळ्या लाटताना मध्येच त्यांचा हात थांबला. रस्ता एकच होता आणि तो इतका सोपा होता, की आधी सुचला कसा नाही याचं त्यांना नवल वाटलं. मग त्यांनी तव्यावर पोळी टाकली आणि दोन घास जास्तच जेवल्या.

सोमवारी जानराव आले. वच्छलाबाईंनी मुद्दाम खुर्च्या आत न ठेवता बाहेर ओट्यावर मांडल्या. शेषराव मास्तरांनी चष्मा पुसला आणि दाखवलं तिथं सही केली. समोर प्रमोदिनीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. तोंड पडलेलं ठेवलं होतं, पण नजर आशेनं इकडे लागलेली.

“लिहा जमादारसाहेब,” वच्छलाबाई म्हणाल्या. वॉर्डाच्या या टोकाहून त्या टोकाला हाक मारायची सवय त्यांच्या आवाजात अजून होती. “सोहम माह्या डोयासमोर वाढला. गुणाचा पोट्टा. दारू नाई, भांडन नाई, कोनाच्या अध्यात नाई ना मध्यात नाई. आजपर्यंत कोनाले बोट लावलं नाई त्यानं. अशा लेकराले अडवू नका, तिकडं पक्का होऊ द्या.”

जानराव हसले. एवढं लिहायला कागदावर जागाच नाही म्हणाले, चांगला आहे की नाही तेवढं पुरे. वच्छलाबाई म्हणाल्या, की चांगला नाही, फार चांगला लिहा. संत्र्याच्या गाडीवाल्याचा मोडलेला हात त्यांना आठवला, तो नाही असं नाही. त्यांनीही आज अर्धं गिळलं होतं, अगदी सरबत पाजणाऱ्या बाईसारखं. टोचलं थोडं, पण पेन हातात धरायला अडचण झाली नाही. ठसठशीत सही करून त्यांनी समोर पाहिलं. प्रमोदिनीबाईंनी दाराची चौकट धरली होती. ओरडून सांगायचं तरी काय आणि कुणाला? भर गल्लीत लेकाची स्तुती ऐकून आईला हसावंच लागतं, आणि त्या हसल्या.

कागद वेळेत पोचला. दिवाळीच्या सुमारास बातमी आली, सोहम पर्मनंट झाला. गल्लीतल्या बायका अभिनंदनाला आल्या आणि प्रमोदिनीबाईंना त्यांच्यासाठी चिवडा करावा लागला. त्याच आठवड्यात वच्छलाबाईंना कॅनडाहून फोन आला. सोहमचा आवाज भरून आला होता. ललितच्या वेळी काय झालं ते त्याला बाबांकडून कळलं होतं, आणि तरी तुम्ही असं सांगितलंत, काकू, तुमचे उपकार कसे फेडू, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मग चाचरत म्हणाला, की आईचं बीपी वाढतं, गोळ्या वेळेवर घेत नाही, तुम्ही समोरच आहात, जरा लक्ष ठेवाल का.

“ठेवीन न, बाप्पा,” वच्छलाबाई म्हणाल्या. “तू कवा येतं?”

आता घराचं बघायचं आहे, नवी नोकरी आहे, एकदोन वर्षं तरी जमणार नाही, असं तो म्हणाला.

“सावकाश ये. काही घाई नाई. मी हाय न इथं.”

आणि त्यांनी शब्द पाळला. रोज दिवेलागणीला त्या बीपीचं यंत्र घेऊन गल्ली ओलांडायच्या. गोळ्या घेतल्या का ते पाहायच्या, दंडाला पट्टा बांधायच्या, आकडा सांगायच्या आणि निघताना न चुकता विचारायच्या, “फोन आलता का सोहमचा?” प्रमोदिनीबाई कधी हो म्हणायच्या, बहुतेक वेळा नाही. नाही म्हणाल्या की वच्छलाबाई मान हलवायच्या, कामात असेल हो, मोठ्या देशातला माणूस, असं म्हणायच्या आणि आरामात घरी यायच्या. गल्ली म्हणायला लागली, की सिस्टरसारखं मन कुणाचं नाही. डूख धरलेली बाई कशी देवमाणूस झाली, याचे दाखले सुनांना देण्यात येऊ लागले. ऐकून वच्छलाबाईंना हसू यायचं.

ललित गाडी घेऊन न्यायला आला, तेव्हा त्यांनी सामानच बांधलेलं नव्हतं. पेशंट आहे एक, म्हणाल्या. त्यानं समोरच्या घराकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं, आणि त्याला सगळं कळलं. तो म्हणाला, की नात रोज विचारते, आजी कधी येणार.  तरी वच्छलाबाई जागच्या हलल्या नाहीत, आणि ललितला रिकामी गाडी घेऊन मूर्तिजापूरच्या रस्त्याला लागावं लागलं.

त्या संध्याकाळी प्रमोदिनीबाई दिवा न लावताच बसल्या होत्या. वच्छलाबाईंनी बटण दाबलं, यंत्र उघडलं आणि आकडा पाहायच्या आधीच विचारलं, की फोन आलता का. प्रमोदिनीबाईंनी मान वर केली.

“तुम्ही रोज कशाला येता, ते मला कळतं, वच्छलाबाई. पहिल्या दिवसापासून कळतं.”

“कयते न?” वच्छलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पट्ट्याची गुंडाळी केली. “मंग उद्यापासून नाई येत.”

त्या उठल्या. दारापर्यंत गेल्या.  बाहेर गल्ली रिकामी होती, कुलूपबंद घरापुढं पानं साचली होती, आणि भाडेकरूंच्या खिडकीतून टीव्हीचा आवाज येत होता. पायरीवर त्यांनी पाय ठेवला तेव्हा मागून आवाज आला.

“या हो,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या. “कशासाठीही या, पण या.”

वच्छलाबाईंनी वळून पाहिलं. वकीलीणबाईंनी पदर सारून दंड उघडा केला होता आणि हात टेबलावर सरळ ठेवला होता. वच्छलाबाईंच्या छातीत असा थंडावा पसरला, की एवढ्या वर्षांत कधी पसरला नव्हता. त्या परत आत गेल्या, शांतपणे पट्टा बांधला, फुगा दाबायला लागल्या.

“मंग,” त्या म्हणाल्या, “आलता का फोन?”